शिवणीला खांब नाही

(यवतमाळच्या पाटीपुऱ्यात डिसेंबरमध्ये झालेल्या तरुणांच्या अभ्यासवर्गातलं भाषण. मोबाईलवरून उतरवून घेतलं. मधली हमरीतुमरी तेवढी गाळली आहे.)



आत येताना तुमच्यातल्या एकानं मला दारातच गाठलं. म्हणाला, काका, एकतीस तारखेची गाडी ठरली, माणशी वर्गणी किती ते सांगा. म्हटलं, सांगतो बाबा, पण आधी तासभर खाली बस. गाडी ठरवायला अक्कल लागत नाही. इथून कोरेगाव साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. रात्रभर कंबर मोडून घ्यायची, सकाळी टँकरच्या पाण्यानं तोंड धुवायचं, रांगेत चार तास उभं राहायचं, खांबापुढं मान झुकवायची, फोटो काढायचा, एक कॅलेंडर आणि दोन पुस्तकं घ्यायची, की परत गाडीत. मी हे एकोणीस वेळा केलं आहे. तेव्हा कुणी असं समजू नका की मी तुमची चेष्टा करतो. विसाव्यांदा मी तुमच्याच गाडीत आहे.

पण मला एक सांगा. तुमच्यातल्या किती जणांनी तो खांब वाचला? पाहिला नाही म्हणत, वाचला?

बघा. सत्तर पोरं बसली आहेत आणि हात दोन.

भीमा नदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्याला लागून तो उभा आहे. पेरण्याच्या हद्दीत. एक जानेवारीला तिथं मुंगीला वाट मिळत नाही. पण तुम्ही कधी आडवारी जा. मी एकदा मार्च महिन्यात गेलो होतो, पुण्याला मुलीकडे गेलो तेव्हा. कुणी नव्हतं. पोलीस सावलीत बसून डुलक्या घेत होता. रस्त्यावरून ट्रकांची रांग आणि आत एकदम शांत. त्या दिवशी मी पहिल्यांदा दगडावर नाक टेकवून वाचलं. सोळा-सतरा वेळा जाऊन आल्यानंतर पहिल्यांदा! लाज वाटली, खरं सांगतो.

इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. कंपनी सरकारची मराठी, तिला वाचताना दात दुखतात. त्यात मेलेल्यांची नावं आहेत. एकूण ४९. त्यातली २२ नावं अशी की शेवटी 'नाक'. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या नावाला लागायचा तोच नाक. उरलेली २७ कुणाची? मराठ्यांची, मुसलमानांची, परदेशी रजपुतांची. हे सगळे एकाच पलटणीचे. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन.

आता इथं आपली गाडी घसरते. आपण स्टेजवरून काय सांगतो? पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापलं. मीसुद्धा सांगितलं आहे, इथंच, ह्याच माईकवरून. टाळ्या पडतात हो. टाळ्या कुणाला नको आहेत?

पण झालं कसं ते नीट ऐका. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. पुण्यातल्या इंग्रज फौजेला कुमक द्यायची होती. बरोबर पाचशेच्या आसपास पायदळ, तीनशेच्या आत-बाहेर घोडेस्वार, दोन तोफा, त्यावर मद्रासचे गोरे तोफची. सगळे मिळून आठशेच्या वर. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठी येतात तर पलीकडं पेशव्याचा अफाट तळ. वीस हजार घोडा, आठ हजार पायदळ, असा आकडा सांगतात. स्टाँटन कोरेगावच्या गावकुसात शिरला. पेशव्यानं त्याच्यावर तीन तुकड्या सोडल्या. अरब, गोसावी आणि कवायती शिपाई, सहाशे-सहाशेच्या. म्हणजे प्रत्यक्ष गल्लीबोळात लढले ते अठराशे-दोन हजार. दिवसभर. पाणी नाही, अन्न नाही, रात्रभरच्या चालीचा थकवा. नदी समोर वाहते आणि घोटभर मिळत नाही. तोफखान्याचे निम्मे लोक मेले, त्यांचा लेफ्टनंट चिझम मेला आणि त्याचं मुंडकं कापून नेलं. रात्री हल्ला थांबला, पाणी मिळालं. कंपनीचे मेलेले, जखमी आणि पत्ता नसलेले मिळून पावणेतीनशे. समोरच्यांचे पाचशे-सहाशे. जनरल स्मिथ मागून येतो आहे हे कळल्यावर पेशवा दक्षिणेकडं सरकला. आणि स्टाँटनही पुण्याला गेला नाही. दारूगोळा नाही, शिधा नाही, म्हणून जखमींना घेऊन शिरूरला परतला.

ही लढाई अशी आहे. आता मला सांगा, ह्यात कमी काय आहे? दोन हजारांसमोर दिवसभर तहानेनं मरत उभं राहणं, हे कमी आहे? त्याला फुगवायची गरज काय? आपण एक शून्य वाढवतो आणि समोरचा लगेच ते शून्य पकडतो. शून्य खोटं म्हणून लढाईच खोटी, २२ नावंच खोटी, असं म्हणायला त्याला मोकळं रान मिळतं. त्याच्या हातात हत्यार आपणच देतो, टाळ्यांसाठी.

आणि पेशवाई त्या दिवशी संपली, हेही तसंच. पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजाचं निशाण चढलं ते १७ नोव्हेंबर १८१७ ला. म्हणजे कोरेगावच्या आधी सहा आठवडे. आणि बाजीराव पकडला गेला नाहीच, तो स्वतःहून माल्कमच्या स्वाधीन झाला जून १८१८ मध्ये. मधले पाच महिने तो काय करत होता? पळत होता. कुठं कुठं पळाला? फेब्रुवारीत आष्टीला त्याचा बापू गोखले पडला. त्यानंतर पळत पळत तो कुठं आला, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आपल्या सभेतही नाही.

तो इथं आला, लेको. तुमच्या जिल्ह्यात.

मी तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. यवतमाळ-पांढरकवडा, पांढरकवडा-वणी, घाटंजी, पारवा. ह्या रस्त्यांवरचा एकेक खड्डा मला नावानिशी ठाऊक. आणि रिटायर झाल्यावर लायब्ररीत जुनं गॅझेटियर चाळताना मला कळतं की दुसऱ्या बाजीरावाची शेवटची मोठी धूळधाण पांढरकवड्याजवळ शिवणीला झाली. १७ एप्रिल १८१८. कोरेगावनंतर साडेतीन महिन्यांनी. मी ज्या रस्त्यानं तीस वर्षं घंटी वाजवत गेलो, त्याच टापूत.

झालं असं. नागपूरचा आप्पासाहेब भोसले इंग्रजाच्या विरुद्ध उठला होता. त्याच्याकडून मदत मिळेल, चांद्याच्या किल्ल्यात आसरा मिळेल, ह्या आशेनं बाजीराव वर्धा नदीकडं आला. पण आप्पासाहेबाला इंग्रजांनी मार्चमध्येच अटक केली होती. वणीकडं कर्नल स्कॉट आडवा. हिंगणघाटकडून कर्नल अ‍ॅडम्स खाली उतरला, बंगालचं घोडदळ आणि घोड्यांवरच्या तोफा घेऊन. दोघांच्या मध्ये पेशव्याचा तळ सापडला. लढाई म्हणायची तरी कशी? तोफा सुरू झाल्या आणि तळ फुटला. बाजीराव घोड्यावर बसून निसटला. त्याच्याजवळ उरलेल्या पाच तोफा गेल्या, हत्ती गेले, उंट गेले. माणसं शेकड्यांनी पडली. जी वाचली त्यातली बरीचशी फौज तिथूनच पांगली, आपापल्या गावाला लागली. कंपनीचं नुकसान नावाला. त्यानंतर महिन्याभरात अ‍ॅडम्सनं चांद्याचा किल्ला घेतला, आणि जूनमध्ये आठ लाखांची वर्षाची पेन्शन घेऊन श्रीमंत बिठूरला गंगेत आंघोळी करायला गेले.

आता तुम्ही म्हणाल, काका, तिथं आपलं कोण होतं?

थांबा. मलाही पहिल्यांदा हेच वाटलं. म्हणून तर मी गेलो.

पावसाळ्यात गेलो, दोन पोरांना घेऊन, मोटारसायकलवर. शिवणी नावाची गावं आपल्या मुलखात पैशाला पासरी. एका ठिकाणी विचारलं तर दुसरीकडं पाठवलं. पांढरकवड्याच्या अंगावरून आता चार पदरी हायवे जातो, नागपूर-हैदराबाद. कंटेनर सुसाट. त्याच्या अलीकडं-पलीकडं आत शिरलं की पऱ्हाटी, तूर, मधेमधे सोयाबीन. लांब टेकडीच्या कडेनं कोलामांचे पोड. चिखल इतका की गाडी ढकलत नेली. पाटी नाही, दगड नाही, चबुतरा नाही. गावात एक शाळा, एक मारुती, आपल्या वस्तीत एक निळा झेंडा आणि बाबासाहेबांचा पुतळा. पांढरकवड्याच्या नदीचं नाव खुनी. बरोबरचा पोरगा म्हणाला, काका, ह्याच लढाईचं रक्त वाहिलं असेल, म्हणून खुनी. म्हटलं, बाबू, गप. नावावरून इतिहास रचणं हा भटाचा धंदा, आपण करायचा नाही.

शेवटी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याशेजारी बसलो. नव्वदीचा असेल. कानानं अधू, पण डोकं शाबूत. त्याला ओरडून विचारलं, बावाजी, इथं पेशव्याची आन् इंग्रजाची लढाई झाली, काही ऐकलं का?

म्हणाला, ''लढाई-फिढाई मले काई मालूम नाई बाप्पा.''

आम्ही उठायला लागलो, तर आपल्याच तंद्रीत बोलायला लागला. ''पण आमचा आजा सांगे. सायबाचा डेरा आला का म्हारवाड्यात हाकारा ये. गवताचे भारे घाला, मोळ्या घाला, कोंबड्या धरून आना. आन् सकायी डेरा उठला का सायबाची खाट म्हाराच्या डोक्स्यावर. पुढच्या गावच्या शिवेपावतर. तिथून पुढचे म्हार घेत.''

मी विचारलं, ''पैसे भेटत काय?''

''भेटत ना. रट्टे.''

आणि हसला. एक दात.

मित्रांनो, मी तिथं चिखलात बसलो आणि मला शिवणीची लढाई पहिल्यांदा दिसली. हजारो घोड्यांचा तळ पडतो म्हणजे काय होतं? घोडा गवत खातो. ते गवत कोण कापून आणतं? पेशवा लाकडावर स्वयंपाक करतो, सोवळ्यात. ते लाकूड कुणी तोडून आणलं? आणणाऱ्याची सावली चालत नाही, मोळी चालते. मुलूख अनोळखी, रानाचा, रस्ते नाहीत. वाट कोण दाखवतं? वाटाड्या म्हणून गावचा महार पुढं. दाखवली नाही तर पेशवा मारतो, दाखवली तर मागून येणारा साहेब विचारतो, तू वाट का दाखवलीस? आणि तोच पुन्हा साहेबापुढं वाटाड्या. शिवेवर ओझं उतरवायचं, पुढच्या गावच्या महारानं उचलायचं. निजामाच्या अमलातला मुलूख हा, पण महाराला काय फरक पडतो? निजाम असो, पेशवा असो, कंपनी असो, डोकं आपलं आणि खाट त्यांची.

माझ्याजवळ कागद नाही की अमुक नाक तमुक गावाहून त्या दिवशी ओझं घेऊन निघाला. असा कागद कुणी लिहीतच नसतं. पण वेसकर, वाटाड्या, बिगारी ही गावगाड्यात कुणाची कामं होती हे सांगायला मला कागद लागत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, ते ह्याच वेठीविरुद्ध. शिवणीनंतर एकशे दहा वर्षांनी. म्हणजे एकशे दहा वर्षांत डेऱ्यातला साहेब बदलला, खाट बदलली नाही.

तर प्रश्न असा आहे. कोरेगावला खांब आहे आणि शिवणीला का नाही?

उत्तर कडू आहे. खांब आपल्यासाठी बांधलाच नव्हता. खांब कंपनीनं बांधला, १८२१ मध्ये पाया घातला, आपल्या विजयाची जाहिरात म्हणून. कोरेगावला कंपनीची माणसं मेली, म्हणून नावं आली. शिवणीला मेलेले समोरच्या बाजूचे आणि मधल्यामध्ये चेंगरलेले. त्यांच्या नावाचा दगड कोण घडवणार? आणि शिवणीला जिंकलेलं घोडदळ बंगालचं. बंगालच्या पलटणी म्हणजे हिंदुस्थानातले उच्च जातीचे आणि पठाण-मुसलमान. तिथं आपल्याला कुणी उभं केलं नसतं. कोरेगावला 'नाक' आहेत ते मुंबईच्या पलटणीत आपली भरती होत होती म्हणून. इतकंच. महिन्याचा पगार मिळत होता, गणवेश मिळत होता, गावातल्यासारखं शिवेवर थांबावं लागत नव्हतं. ज्या पेशवाईत रस्त्यानं चालताना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं, तिच्याविरुद्ध बंदूक मिळाली तर कोण सोडेल? मी तर सोडली नसती.

पण हे इंग्रजाचं उपकाराचं खातं नव्हे. उपकार मानायचे तर पुढचं पान वाचा. १८९२ च्या सुमाराला त्याच इंग्रजानं फर्मान काढलं, महारांची भरती बंद. कारण काय? म्हणे ही लढाऊ जात नव्हे. ज्यांची २२ नावं त्यानं स्वतः दगडावर कोरली, ती लढाऊ जात नव्हे! बाबासाहेबांचे वडील सुभेदार, आजे पलटणीत, आणि नातवाच्या पिढीला दार बंद. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार म्हणून पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

मग १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले. महाडच्या तळ्याच्या अडीच महिने आधी. ही तारीख लक्षात घ्या. ते काय फोटो काढायला गेले होते? कंपनीच्या दगडाला त्यांनी आपल्या कामाला लावलं. तुझ्याच दगडावर आमची नावं आहेत, मग आमची भरती का बंद केलीस, हा सवाल होता. आणि १९३० मध्ये गोलमेज परिषदेत, इंग्रजाच्याच घरात उभं राहून ते विचारतात की तुमच्या राज्याआधी आमची जी अवस्था होती, विहिरीवर बंदी, देवळात बंदी, पोलिसात बंदी, त्यातलं तुम्ही काय बदललंत? असा माणूस खांबापुढं नतमस्तक होत नसतो. खांबाला साक्षीला उभा करतो. पुढं १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. दगडाचं हे असं झालं. बांधला एकानं, वापरला दुसऱ्यानं.

आपल्या जवळचंच उदाहरण बघा. नागपूरला सीताबर्डीची टेकडी. तुम्ही खालून हजार वेळा गेला असाल, जीन पँट घ्यायला. वर किल्ला आहे, लष्कराच्या ताब्यात. सामान्य माणसाला वर्षातून तीन दिवस सोडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मी एक मेला गेलो होतो, ऊन डोक्यात जाईपर्यंत. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, भोसल्याची फौज आणि कंपनीची मद्रासी पायदळं, अठरा तासांच्या आसपास लढाई. कंपनीचे साडेतीनशेच्या वर मेले नि जखमी झाले. वर कबरी आहेत, जपून ठेवलेल्या, चुना लावलेल्या. लोक येतात, गांधींना कोंडलं होतं म्हणून सांगतात ती कोठडी बघतात, वरून शहर बघतात, उतरतात. त्या दिवशी टेकडीवर पाणी कुणी चढवलं, हे विचारणारा मला कुणी भेटला नाही. जपलेली रणभूमी म्हणजे काय, तर जिंकलेल्यानं आपल्याला दाखवायला ठेवलेली खिडकी. तेवढंच दिसतं.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत मोंटाना म्हणून राज्य आहे. तिथं १८७६ च्या जूनमध्ये कस्टर नावाचा गोरा अधिकारी आपल्या पलटणीसह लकोटा आणि शायेन लोकांवर चालून गेला आणि माणसांसकट खलास झाला. हरलेला गोरा, जिंकलेले तिथले मूळ लोक. पण खांब कुणाचा? १८८१ मध्ये गोऱ्या शिपायांच्या नावांचा. १८९० मध्ये जिथं जिथं गोरा शिपाई पडला तिथं तिथं पांढरा दगड. मैदानाचं नावसुद्धा कस्टरचं. जिंकलेल्याचा दगड नाही, कारण जमीन शेवटी गोऱ्याची झाली. लकोटा आणि शायेन लोक शंभर वर्षं भांडले. १९९१ मध्ये नाव बदललं, कस्टरचं जाऊन नदीचं आलं, लिटल बिगहॉर्न. १९९९ पासून जिथं लकोटा आणि शायेन लढवय्ये पडले तिथं लाल दगड बसायला लागले. २००३ मध्ये त्यांचं स्मारक झालं. आणि लाल दगड कुठं बसवायचा हे त्यांना कसं कळलं? कागदावरून नाही. आज्या-पणज्यांनी सांगून ठेवलं होतं, घराघरात जपलं होतं. इथं माझा आजोबा मरण पडला, हे नातवाला ठाऊक होतं.

म्हणून मी त्या म्हाताऱ्याचं हसणं विसरत नाही. त्याला लढाई ठाऊक नाही, पण खाट ठाऊक आहे. आणि तो मेला की तीही जाईल.

मघाशी मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, काका, बिगारीची कसली आठवण ठेवायची, त्यात शरम आहे, आम्हाला शौर्य पाहिजे. बरोबर आहे तुझं. मीही तुझ्या वयात असंच म्हणायचो. बापानं काय काय उचललं हे मला ऐकायचंसुद्धा नव्हतं. पण शरम कुणाची ते एकदा ठरव. खाट उचलणाऱ्याची, की खाटेवर झोपणाऱ्याची? कोरेगावला बंदूक हातात घेऊन मेलेले २२ होते. बंदूक हाताला न लागलेले, शिवेवर ओझं बदलणारे किती? तुझा खापरपणजा बहुतेक त्यांच्यातला. माझा तर नक्कीच. सगळ्यांनीच खांबावरच्यांचे वारस व्हायचं म्हटलं तर बाकीच्यांना कोण वारस?

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आवडणार नाही. १ जानेवारी २०१८ ला आमची गाडी कोरेगावपर्यंत पोचली नाही. अलीकडंच दगड सुरू झाले. काचा फुटल्या, गाडीत बायका-पोरं होती. द्विशताब्दीसाठी लाखोंनी लोक आले होते. आदल्या दोन-तीन दिवसांत वढू बुद्रुकला गोविंद गोपाळच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव पेटवला गेला होता. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या काहींवर केसेस पडल्या. पण त्या दिवशी एका तरुणाचा जीव गेला, तो आपल्या वस्तीतला नव्हता. मराठ्याचा पोरगा होता, शेतकऱ्याच्या मुलखातला. त्या ४९ नावांत मराठ्यांचीही नावं आहेत. ज्यांनी ते नीट वाचलं असतं त्यांच्या हातून दगड सुटला असता का? मला माहीत आहे, दगड मारणाऱ्यांनी वाचून मारले नाहीत. पण वाचायचं काम आपलं तर आहे.

आता कामाचं बोलतो, माझा वेळ झाला.

एकतीसच्या गाडीची वर्गणी बाहेर रजिस्टरवाल्याकडं द्या. गाडीत प्रत्येकानं वही ठेवायची. खांबावरची ४९ च्या ४९ नावं उतरवून घ्यायची, 'नाक' असलेली आणि नसलेलीही. गर्दीत जमणार नाही, म्हणून आपण दोन तारखेला थांबणार आहोत.

दुसरं. जानेवारी ते मार्च, पांढरकवडा, घाटंजी, वणी, मारेगाव ह्या बाजूची ज्यांची गावं आहेत त्यांनी आपापल्या घरातल्या नाही तर वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं. आज्यानं, पणज्यानं काय उचललं, कुठवर नेलं, शीव कुठं होती, हाकारा कोण घालायचा. त्याच्याच बोलीत लिहायचं. शुद्ध करू नका. कोलामांच्या पोडावर जायला मिळालं तर तिथंही विचारा, त्यांनीही वाटा दाखवल्या असतील, नाही तर रानात लपून बसले असतील. त्यांचं ते सांगतील.

तिसरं. चौदा एप्रिलला आपली जयंती. डीजेचे पैसे वाचवा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तुम्ही मला बाहेर काढाल. पण तीन दिवसांनी सतरा एप्रिल आहे. त्या दिवशी शिवणी. मिरवणूक नाही, स्टेज नाही, पुढारी नाही. वह्या घेऊन जायचं, त्या म्हाताऱ्याच्या वस्तीत बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं. तो असला तर त्याच्यासमोर. कागदावरची लढाई मी सांगेन, बाकीचं तुम्ही वाचा.

पहिली गाडी सकाळी स्टँडवरून निघते, तिकिटं आपापली काढायची. त्या दिवसांत पारा बेचाळीसच्या वर असतो, डोक्याला पंचा बांधा. आणि पाणी घरूनच आणा, तिथल्या हापशीचा भरवसा नाही.